तेलाचे नाव नव्हे, आकडे पाहा: जैवइंधनासाठी तेल तपासून शुद्धीकरणाची पद्धत निवडताना

मराठवाड्यात तेलाला तोटा नाही. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन येते, जालना-परभणीकडे सरकी गाळली जाते, करडईचे घाणे अजून काही गावांत चालतात, रस्त्याच्या कडेला करंज उभे आहेत, किनवटच्या जंगलपट्ट्यात मोह आहे आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ढाबे, फरसाणवाले व खानावळी रोज कढईतले तेल बाजूला काढत असतात. या तेलांपासून इंधन करण्याच्या धंद्यात उतरणारा नवा माणूस मला पहिला प्रश्न हमखास असा विचारतो की, ‘करंजाच्या तेलाला काय करायचे?’ किंवा ‘वापरलेल्या तेलाला काय करायचे?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण प्रक्रिया तेलाच्या नावावरून ठरत नाही, ती त्या दिवशीच्या, त्या पिंपातल्या तेलाच्या आकड्यांवरून ठरते.

हे मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या काळात मी वापरलेल्या तेलाची बारा पिंपे एका पुरवठादाराकडून घेतली. प्रत्येक पिंपाच्या तोंडाशी वाटी बुडवून नमुना घेतला, तो स्वच्छ निघाला, आम्लता दीड टक्क्याच्या आत आली, आणि मी सगळा माल टाकीत घेऊन मेथॅनॉल व कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घातले. अर्ध्या तासात टाकीत दही लागल्यासारखा साबण धरला. पिंपांच्या तळाशी वीतभर पाणी आणि त्याच्या वर कुजलेल्या अन्नकणांचा थर होता. तिथल्या तेलाची आम्लता वरच्या तेलाच्या कितीतरी पट होती. ती टाकी रिकामी करायला दोन माणसांना तीन दिवस लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून तपासणीचे पुढचे टप्पे ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने लिहिले आहेत.

१. तेल कोणत्या इंधनासाठी हवे ते आधी ठरवा

वनस्पती तेलापासून डिझेलच्या जागी वापरता येणारी दोन वेगळी इंधने होतात आणि दोघांच्या मागण्या वेगळ्या असतात. पहिले बायोडिझेल. यात तेलाची मेथॅनॉलशी क्रिया करून एस्टर तयार करतात. या क्रियेचे मोठे शत्रू म्हणजे पाणी आणि मुक्त मेदाम्ले, ज्यांना धंद्यात सगळे एफएफए म्हणतात. दुसरे हायड्रोजन प्रक्रियेचे डिझेल, म्हणजे एचव्हीओ. त्यात तेलावर उच्च तापमानाला आणि दाबाखाली हायड्रोजनची क्रिया घडवतात. तिथे एफएफए फारसे आडवे येत नाहीत, कारण त्यांचेही हायड्रोकार्बन होतात. मात्र फॉस्फरस, सोडियम-कॅल्शियमसारखे धातू, क्लोराइड आणि नायट्रोजन हे उत्प्रेरकाला मारतात, म्हणून त्यांच्या मर्यादा फार कडक असतात.

मराठवाड्यातला लहान उद्योजक स्वतः एचव्हीओ करणार नाही. पण त्याने गोळा केलेले तेल पुढे अशा प्रकल्पाला जाऊ शकते. त्यामुळे खरेदीदाराकडून त्याच्या मर्यादा लेखी घ्या. तोंडी ‘चांगले तेल द्या’ एवढ्यावर गाडी भरू नका.

बायोडिझेलसाठी आपल्याकडे आयएस १५६०७ हे मानक आहे. त्यात तयार इंधनात फॉस्फरस किलोला मोजक्याच मिलिग्रॅमपर्यंत, पाणी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, सोडियम व पोटॅशियम मिळून ५, कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ५ मिलिग्रॅमपर्यंत आणि आम्लमूल्य (एका ग्रॅममधले आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते तो आकडा) ०.५० पर्यंत चालते. ही मर्यादा तयार इंधनाची आहे, कच्च्या तेलाची नाही; परंतु फॉस्फरस आणि धातू आधी काढले नाहीत तर शेवटी ते काढणे महाग पडते. म्हणून या आकड्यांवरून उलटे मागे येत तेलाची मर्यादा ठरवावी.

२. साहित्य आणि कागदपत्रे

प्रयोगशाळा मोठी लागत नाही. माझ्याकडे आजही एका टेबलावर मावेल एवढेच साहित्य आहे:

- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- ५० मि.ली. ब्युरेट, शंकूपात्रे, मोजनळ्या
- १०५ अंशांपर्यंत जाणारी ओव्हन आणि तापमापक
- ०.१ नॉर्मल (नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाची ताकद) कॉस्टिक द्रावण, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, अल्कोहोल, अॅसिटोन
- फिनॉल्फ्थॅलिन, थायमॉल्फ्थॅलिन आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यू हे निर्देशक
- पिंपाच्या तळापर्यंत पोहोचणारी, खालून उघडणारी नमुना-नळी
- एक लिटरच्या पारदर्शक, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या

फॉस्फरस, धातू आणि क्लोराइड यांच्यासाठी बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो. ते घरी करण्याचा अट्टहास धरू नका.

कागदपत्रांपैकी काट्याची पावती, खरेदीचे जीएसटी बिल आणि पुरवठादारनिहाय नोंदवही ही रोजची. वापरलेले तेल घेत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम माहीत असायला हवा. तळणासाठी रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या आस्थापनांना १ मार्च २०१९ पासून तेलाच्या वापराची आणि विल्हेवाटीची नोंद ठेवावी लागते आणि टाकाऊ तेल अधिकृत संकलकाकडेच द्यावे लागते. ज्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तळताना तेल बिघडून तयार होणारी) २५ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत ते खाण्यासाठी वापरण्यास मनाई आहे. तुमच्याकडे नोंदणी नसेल तर चांगली हॉटेले तुम्हाला तेल देणार नाहीत, आणि जी देतील त्यांच्या तेलाची मागील कहाणी कळणार नाही. मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. त्याची साठवण, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अग्निसुरक्षेचे कागद पहिली टाकी बसवण्याआधी पूर्ण करा.

३. नमुना: सगळ्या चुकांचे मूळ इथे असते

पिंप उभे राहिले की पाणी आणि गाळ तळाला जातो. म्हणून नमुना वर, मध्ये आणि तळाशी असा तिन्ही ठिकाणचा हवा. नळी तोंड बंद ठेवून खाली नेता येते आणि हव्या त्या खोलीवर उघडता येते. तीन नमुने आधी वेगवेगळे काचेच्या बरणीत ओता आणि उजेडाकडे धरून पाहा. तळाचा नमुना ढगाळ असेल, किंवा त्यात तांबूस पाण्याचा थर दिसत असेल, तर त्या पिंपाचे वजन पाण्यासकट दिले आहे हे तिथेच समजते. ही बरणी रात्रभर हलवल्याशिवाय ठेवली की सकाळी तळाला पाणी, त्यावर पिठूळ चिखल आणि वर तेल असे थर पट्टीने मोजता येतात. पुरवठादाराशी दराची बोलणी करताना हातात ही बरणी असली की वाद होत नाही.

त्यानंतर तिन्ही नमुने पिंपातल्या थरांच्या प्रमाणात मिसळून एक सरासरी नमुना तयार करा. त्याचे दोन भाग करा. एक तपासणीला, दुसरा मोहोरबंद करून राखीव.

हिवाळ्यात एक वेगळी अडचण येते. मोहाचे तेल, पामतेलाचा अंश असलेले हॉटेलचे तेल आणि वनस्पती तूप थंडीत गोठतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पिंपात वर पातळ आणि खाली घट्ट असे दोन वेगळेच पदार्थ असतात. अशा वेळी पिंप ४५ ते ५० अंशांपर्यंत गरम करून ढवळल्याशिवाय घेतलेला नमुना निरुपयोगी असतो.

४. पाणी आणि गाळ

कोरड्या पातेल्यात चमचाभर तेल तापवले आणि तडतडले तर पाणी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही चाचणी ‘आहे की नाही’ एवढेच सांगते. ‘किती’ ते सांगत नाही. त्यासाठी वजन केलेले तेल १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून घट मोजावी. ०.१ टक्क्याच्या खालचे पाणी मोजायचे असेल तर कार्ल फिशर पद्धतच (फक्त पाण्याशी क्रिया करणाऱ्या रसायनाने पाणी मोजण्याची प्रयोगशाळेतली पद्धत) विश्वासार्ह.

उपाय सरळ आहे. मोठे कण जाळीतून, बारीक कण पिशवी-फिल्टरमधून गाळावेत, तेल ६० अंशांच्या आसपास गरम करून एक रात्र निवळू द्यावे, तळाचे पाणी काढावे आणि मग १०५ ते ११० अंशांवर, शक्य असल्यास निर्वातात, वाळवावे. बायोडिझेलच्या क्रियेत जाणाऱ्या तेलात पाणी ०.०५ टक्क्याच्या वर असू नये. हॉटेलच्या तेलात मीठ असते. ते तेलात विरघळत नाही, पाण्याच्या थेंबांत आणि अन्नकणांत असते; म्हणून आधी गरम पाण्याने धुऊन मग वाळवले तरच क्लोराइड खाली येते. नुसते वाळवले तर पाणी जाते, मीठ तिथेच राहते.

५. आम्लता: इथे घाई केली तर पुढचे सगळे चुकते

शंकूपात्रात साधारण ५ ग्रॅम तेल अचूक वजन करून घ्या. ५० मि.ली. अल्कोहोल वेगळ्या पात्रात गरम करून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका आणि कॉस्टिकचे थेंब सोडत ते फिकट गुलाबी करून घ्या. अल्कोहोलमध्ये स्वतःची थोडी आम्लता असते. ही पायरी गाळली की ती तेलाच्या नावावर जमा होते. हे अल्कोहोल तेलात घालून, पात्र हलवत, ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक थेंबाथेंबाने सोडत जा. सुरुवातीला प्रत्येक थेंबाला उमटणारा गुलाबी रंग लगेच विरतो. मग तो विरायला वेळ लागू लागतो. जिथे तो तीस सेकंद टिकतो तिथे थांबा.

एफएफए टक्के = २८.२ × नॉर्मॅलिटी × मि.ली. ÷ तेलाचे ग्रॅम.
आम्लमूल्य = ५६.१ × नॉर्मॅलिटी × मि.ली. ÷ तेलाचे ग्रॅम.

उदाहरणार्थ, ५.०२ ग्रॅम तेलाला ६.४ मि.ली. लागले तर एफएफए ३.६ टक्के आणि आम्लमूल्य ७.१५. हे दोन आकडे एकाच तेलाचे आहेत. आम्लमूल्य एफएफएच्या जवळपास दुप्पट असते, आणि नवख्यांचे सर्वांत जास्त नुकसान याच गोंधळात होते. कुणी ‘चार’ म्हटले तर ‘चार काय?’ असे विचारल्याशिवाय सौदा करू नका. चार आम्लमूल्य असलेले तेल दोन टक्क्यांचे असते आणि चार टक्के एफएफएचे तेल आठ आम्लमूल्याचे.

आणखी दोन सापळे आहेत. कॉस्टिकचे द्रावण बाटलीत उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होते. मग ते जास्त लागते आणि चांगले तेल वाईट ठरते. एका पुरवठादाराचे तेल मी असे विनाकारण परत पाठवले आहे, आणि त्याची माफीही मागितली आहे. द्रावणाची ताकद आठवड्यातून एकदा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने तपासावी. दुसरा सापळा रंगाचा. करंजाचे तेल लालसर तपकिरी असते, त्यात गुलाबी छटा दिसतच नाही आणि माणूस शेवटच्या बिंदूच्या पुढे निघून जातो. अशा तेलाला नमुना एक-दोन ग्रॅमच घ्यावा, अल्कोहोल जास्त घ्यावे आणि निळा होणारा थायमॉल्फ्थॅलिन वापरावा.

आता उपाय. माझा व्यवहार पुढीलप्रमाणे चालतो.

एफएफए ०.५ टक्क्याच्या आत असेल तर आम्लतेसाठी काहीही करायचे नाही. ०.५ ते २ टक्के असेल तर क्रियेतले कॉस्टिक तेवढ्या आम्लापुरते वाढवून काम होते, साबण थोडा होतो, तो धुण्यात जातो.

२ ते ५ टक्क्यांच्या पट्ट्यात खरा विचार करावा लागतो. एक मार्ग म्हणजे कॉस्टिकने आम्ल मारून साबण बाजूला काढणे. प्रत्येक किलो एफएफएला ०.१४२ किलो कॉस्टिक लागते, म्हणजे ३.६ टक्क्यांच्या १,००० किलो तेलात ३६ किलो आम्ल आणि सुमारे ५.१ किलो कॉस्टिक, शिवाय थोडे जास्तीचे. पण साबण एकटा जात नाही, चांगले तेलही सोबत ओढून नेतो. एकूण घट एफएफएच्या दीडपट ते दुप्पट धरावी, म्हणजे या उदाहरणात ५५ ते ७० किलो. दुसरा मार्ग म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि मेथॅनॉल वापरून एफएफएचेच एस्टर करणे, म्हणजे आम्ल-एस्टरीकरण. त्यात तेल वाया जात नाही, पण मेथॅनॉल परत मिळवण्याची सोय हवी. मेथॅनॉल परत मिळवण्याची सोय नसलेल्या छोट्या युनिटला या पट्ट्यात पहिला मार्ग परवडतो, असे माझे मत आहे. साबणाला गिऱ्हाईक मिळाले तर नक्कीच.

५ टक्क्यांच्या वर मात्र आम्ल-एस्टरीकरणच करावे. प्रचलित प्रमाण असे आहे की प्रत्येक किलो एफएफएला २.२५ किलो मेथॅनॉल आणि ०.०५ किलो सल्फ्युरिक आम्ल. ८ टक्क्यांच्या १,००० किलो करंज तेलाला म्हणजे १८० किलो मेथॅनॉल आणि ४ किलो आम्ल. ६० अंशांवर तासभर ढवळायचे आणि मग थर वेगळे होऊ द्यायचे. आम्ल नेहमी मेथॅनॉलमध्ये हळूहळू सोडायचे, मेथॅनॉल आम्लावर कधीही ओतायचे नाही. या क्रियेत पाणी तयार होते आणि तेच क्रिया अडवते, म्हणून तेल आधी पूर्ण वाळलेले हवे. थर बसल्यावर खालच्या तेलाचा एफएफए पुन्हा मोजा. तो एक टक्क्याच्या आसपास आला नसेल तर वरचा मेथॅनॉल-पाण्याचा थर काढून ताज्या मेथॅनॉलने क्रिया पुन्हा करा. २० टक्क्यांच्या पलीकडचे तेल आले तर ग्लिसरीनबरोबर सुमारे २०० अंशांवर क्रिया करण्याचा मार्ग आहे, पण त्याला तशी भांडी लागतात. नवख्याने ते तेल घेऊ नये.

६. गम आणि फॉस्फरस

घाण्यातून किंवा सॉल्व्हंट प्लँटमधून थेट आलेल्या तेलात फॉस्फोलिपिड असतात. गिरणीत त्यांना गम म्हणतात. वापरलेल्या तेलात ते कमी असतात, कारण ते तेल मुळात रिफाइंड असते. कच्च्या सोयाबीन तेलात मात्र फॉस्फरस ५०० ते १,००० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम) सहज असतो. प्रयोगशाळेचा फॉस्फरसचा आकडा साधारण ३० ने गुणला की गमचा अंदाज येतो; ७०० पीपीएम म्हणजे सुमारे दोन टक्के गम. तो राहू दिला तर तेल आणि पाणी एकमेकांत असे मिसळून बसते की धुण्याच्या टाकीत थर वेगळे होत नाहीत, आणि आम्ल-एस्टरीकरणात तो जळून काळा पडतो. म्हणून आम्लतेचा उपाय करण्याआधी गम काढायचा. चाचणीचा क्रम आणि प्रक्रियेचा क्रम इथे वेगळा आहे, हे ध्यानात ठेवा.

गम दोन जातीचा असतो. एक पाणी लागताच फुगतो आणि खाली बसतो. दुसरा कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधलेला असतो आणि पाण्याला दाद देत नाही. तुमच्या तेलात कोणता किती आहे हे एका छोट्या प्रयोगाने कळते आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत यासारखा उपयोगी प्रयोग दुसरा नाही. ५०० ग्रॅम तेल ७० अंशांना न्या, त्यात १० ग्रॅम मऊ (कॅल्शियम-मॅग्नेशियम काढलेले) पाणी घाला, अर्धा तास हळू ढवळा आणि थर बसू द्या. वरचे तेल काढून वाळवा. मूळ तेल आणि हे तेल, दोन्ही नमुने फॉस्फरससाठी पाठवा. समजा मूळ ७०० होते आणि आता १८० आले, तर ५२० पाण्याने जाणारा आणि १८० न जाणारा. उरलेला आकडा ही तुमची खरी अडचण आणि उपाय त्याच्यावरून ठरतो. तो फार थोडा असेल तर पाण्याचे डीगमिंग, म्हणजे पाण्याने गम काढणे, पुरे. तो शंभरच्या घरात असेल तर आधी ०.१ ते ०.२ टक्के फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल घालून, चांगले घुसळून, मग पाणी द्यावे. आम्ल कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडते आणि गम मोकळा होऊन पाण्यात येतो.

मराठवाड्याच्या दोन गोष्टी इथे आडव्या येतात.

पहिली परतीचा पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला आले की पाऊस येतो, शेंगा शेतात भिजतात, गंजीला बुरशी धरते. भिजलेल्या, काळपट दाण्यात फॉस्फोलायपेज डी नावाचे विकर काम करते आणि पाण्याने जाणाऱ्या गमचे रूपांतर न जाणाऱ्या गममध्ये करते, एफएफएही वाढतो. म्हणून त्याच गिरणीचे, त्याच वाणाचे तेल गेल्या वर्षी पाण्याने साफ झाले आणि या वर्षी होत नाही, असे घडते. दोष गिरणीचा नसतो. भिजल्या वर्षीच्या तेलाला आम्लाचे डीगमिंग गृहीत धरूनच भाव ठरवावा.

दुसरी बोअरचे पाणी. आपल्या भागातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. बादलीला आणि नळाला धरलेल्या पांढऱ्या थरावरून ते दिसते. हेच पाणी डीगमिंगला वापरले तर त्यातले कॅल्शियम चांगल्या गमला जाऊन चिकटते आणि तो तेलातच राहतो. माझ्याकडे दोन महिने फॉस्फरस खाली येत नव्हता. आम्ल वाढवले, वेळ वाढवला, ढवळणी बदलली. पाण्याकडे लक्ष गेले नव्हते. सॉफ्टनरचे पाणी लावले आणि त्या आठवड्यातच आकडा उतरला. डीगमिंगलाही आणि बायोडिझेल धुण्यालाही मऊ पाणीच वापरा.

७. साबण, धातू आणि शोषके

कॉस्टिकने आम्ल मारलेल्या तेलात साबणाचा अंश राहतो. तो म्हणजेच सोडियम. मोजायची पद्धत सोपी आहे: १० ग्रॅम तेल अॅसिटोनमध्ये विरघळवा, थोडे पाणी आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यू घाला, निळा-हिरवा रंग पिवळा होईपर्यंत ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. पीपीएम साबण = मि.ली. × नॉर्मॅलिटी × ३,०४,४०० ÷ ग्रॅम. ०.८ मि.ली. लागले तर सुमारे २४४ पीपीएम.

हा साबण आणि उरलेला थोडा फॉस्फरस काढायला सिलिका उत्तम. ७० ते ८० अंशांवर, तेलात किंचित ओल असतानाच ती घालावी. ब्लीचिंग अर्थ, म्हणजे आम्लाने सक्रिय केलेली माती, त्यानंतर, ९० ते ११० अंशांवर, निर्वातात, अर्ध्या ते दोन टक्क्यांपर्यंत. माती आधी टाकली तर साबण तिची छिद्रे बुजवतो आणि महागडी माती वाया जाते. बायोडिझेलसाठी केवळ रंग कमी करायला माती वापरू नका. गाडीला रंगाशी देणेघेणे नसते. धातू आणि फॉस्फरस ज्याला शेवटच्या काही पीपीएमपर्यंत खाली हवे आहेत, त्या एचव्हीओच्या मालाला ही पायरी लागतेच.

एक इशारा जिवाशी संबंधित आहे. तेल शोषलेली वापरलेली माती उघड्यावर ढीग करून ठेवली की ती आतून तापत जाते आणि आपोआप पेटते. करडई, सोयाबीनसारख्या तेलांची तर लवकर, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणखी लवकर. ती ओली करून, पातळ पसरून, शेडपासून दूर ठेवा.

८. थोडक्यात पाहायच्या बाकी चाचण्या

गाडीच्या काळ्या तेलाची भेसळ वापरलेल्या तेलात होते. थोडे तेल अल्कोहोलातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून पूर्ण साबण करा आणि गरम पाणी घाला. द्रावण गढूळ झाले तर खनिज तेल आहे. त्यावर कोणतीही शुद्धीकरण प्रक्रिया चालत नाही, माल परत करा. फार वेळा तळलेले तेल घट्ट, चिकट लागते. त्यातले बहुवारिक (पॉलिमर) गाळून जात नाहीत, चांगल्या तेलात मिसळूनच ते वापरता येते. करडईच्या तेलाचे आयोडीन मूल्य (तेल किती असंतृप्त आहे त्याचे माप) १४० च्या आसपास असते, ते हवेत लवकर खराब होते. शुद्धीकरणाने हा स्वभाव बदलत नाही, साठवण सावलीत ठेवावी आणि अँटिऑक्सिडंट घालावे. सूर्यफुलाच्या कच्च्या तेलात मेण असते, थंडीत ते ढगाळते, गार करून गाळावे लागते. कडुनिंबाच्या तेलात गंधकाची संयुगे असतात. इंधनासाठी नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

९. तीन तेले, तीन वाटा

माझ्या टेबलावर नेहमी येणाऱ्या तीन प्रकारच्या मालांवरून निर्णय कसा बांधतात ते दाखवतो.

भिजल्या वर्षीचे कच्चे सोयाबीन तेल, एफएफए १.८ टक्के, फॉस्फरस ७५०, पाणी कमी. इथे आम्लता सुसह्य आहे आणि गम हीच अडचण. आम्लासह डीगमिंग, मऊ पाण्याची एक धुणी, वाळवणे, आणि मग जादा कॉस्टिकसह सरळ बायोडिझेलची क्रिया. निघालेला गम गिरणीला पेंडीत मिसळण्यासाठी परत देता येतो का ते आधीच बोलून ठेवावे.

उन्हाळ्यात गोळा केलेल्या, पण पावसाळाभर पोत्यात राहिलेल्या करंजाच्या बियांचे तेल, एफएफए ९ टक्के, फॉस्फरस बेताचा. आधी फॉस्फोरिक आम्लाची धुणी, कडक वाळवण, मग आम्ल-एस्टरीकरण, पुन्हा तपासणी, मग नेहमीची क्रिया. हेच बी वेळेवर वाळवून लगेच गाळले असते तर एस्टरीकरणाची गरज कदाचित पडलीच नसती. म्हणून करंज गोळा करणाऱ्या बचत गटांना ताडपत्री आणि कोरडी खोली मिळवून देणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत स्वस्त शुद्धीकरणाचा उपाय आहे.

ढाब्यांचे मिश्र तेल, एफएफए ३.५ टक्के, पाणी दीड टक्का, मीठ आणि पिठाचे कण. गाळणे, गरम मऊ पाण्याने धुणे, निवळणे, वाळवणे; त्यानंतर एफएफए पुन्हा मोजावा, कारण तळाचा गाळ गेल्यावर तो बरेचदा उतरतो आणि मूळ आकड्यावरून ठरवलेले कॉस्टिक जास्त होते.

१०. आधी एक लिटर, मग टाकी

ठरवलेली प्रक्रिया एक लिटर तेलावर पूर्ण करून पाहिल्याशिवाय मोठ्या टाकीला हात लावू नका. प्रत्येक पायरीनंतर एफएफए, पाणी आणि साबण मोजा, किती तेल घातले आणि किती मिळाले ते वजन करून लिहा. एका लिटरमध्ये थर बसायला चार तास लागले तर टाकीत त्याहून जास्त लागतील, कमी नाही.

नोंदवहीत प्रत्येक पिंपासाठी एक ओळ ठेवा: तारीख, पुरवठादार, वजन, तळाचे पाणी किती सेंटिमीटर, एफएफए, फॉस्फरस, दिलेली प्रक्रिया, मिळालेले तेल. राखीव बाटलीवर पिंपाचा क्रमांक पेन्सिलीने लिहा, कारण शाईचा मार्कर तेलाच्या बोटाने पुसला जातो. आणि त्या मालाचे इंधन विकून पैसे येईपर्यंत ती बाटली अंधाऱ्या कपाटातून हलवू नका.